साक्षीदार नसलेली सही

मन्सूरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. समोर एक बाई विड्रॉल स्लिप घेऊन उभ्या होत्या. मी फोन ठेवला, स्लिपवरची सही पडद्यावरच्या सहीशी ताडून पाहिली, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हात केला. जेवणाच्या सुट्टीत डबाही खाल्ला. गवारीची भाजी होती आणि ती मी पुरती संपवली. रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. पुढंही आलं नाही. त्याला आता दोन वर्षं होतील. मला वाटायचं, उशिरा का होईना येईल. मग वाट बघणंही बंद झालं.

ज्यांच्यासाठी गप्प राहायचं होतं त्या बाईही यंदा गेल्या, म्हणून हे लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत. गावं तशीच ठेवली, कारण गावं बदलली की मला पुढचं काही सुचत नाही.

नारायणगावातल्या आमच्या पतसंस्थेत मी क्लार्क म्हणून लागले तेव्हा मन्सूर अत्तार पासिंगच्या टेबलावर होते. पासिंग म्हणजे चेकवरची किंवा स्लिपवरची सही खातेदाराच्या नमुना सहीशी जुळते की नाही ते बघायचं आणि जुळली तर पुढं सोडायचं. दिवसभर तेवढंच. जुन्नरहून एसटीनं यायचे. फिकट निळा बुशशर्ट, खिशात दोन पेनं आणि रुमालात गुंडाळलेलं भिंग. आडनाव अत्तार, पण अंगाला कायम डोकेदुखीच्या बामचा वास. यावरून आम्ही त्यांना चिडवायचो. ते म्हणायचे, आज्जानं सगळं अत्तार विकून टाकलं, आमच्या वाटणीला बाटल्या आल्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सही बघायला शिकवली. चेक उलटा धरायचा, नमुन्याचं कार्डही उलटं ठेवायचं. सुलटं धरलं की आपण नाव वाचतो, आणि नाव वाचलं की डोळा फसतो. उलट्या कागदावर फक्त रेघ दिसते. रेघ कुठं जोरात गेली, कुठं अडली, पेन कुठं उचललं, एवढंच बघायचं. खऱ्या सहीत माणूस निष्काळजी असतो, असं ते म्हणत. त्याला माहीत असतं की ही माझीच आहे, म्हणून तो वेळ घालवत नाही. नक्कल करणारा सावकाश जातो, थांबतो, पुन्हा सुरू करतो. सही जितकी जपून केलेली तितकी संशयाची.

सही जुळली नाही तर ‘खोटी’ हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. ‘दुसऱ्या हाताची’ म्हणायचे. तेही माझ्या कानाशी. काउंटरपलीकडच्या माणसाला म्हणायचे, ‘पावणं, आज हात वेगळा लागलाय, जरा बसा, चहा घ्या.’ खरा खातेदार असला तर चहानंतर हात ठिकाणावर यायचा. नसला तर तो चहा न पिताच निघून जायचा. चहाचे कितीतरी कप असे भरलेलेच परत गेले.

एकदा माझ्याच गावचा, राजुरीचा, एक माणूस वडलांच्या सहीची स्लिप घेऊन आला. मला ती सही अगदी बरोबर वाटली. मन्सूरभाईंनी जुन्या चार स्लिपा काढल्या आणि पाचवी शेजारी ठेवली. पाचही हुबेहूब. त्यांनी त्या माणसाला वडलांची तब्येत विचारली. तो म्हणाला, बरी आहे. मन्सूरभाई म्हणाले, ‘बरा माणूस पाच वेळा एकसारखी सही करत नाय, भाऊ.’ तेव्हा त्यानं सांगितलं की वडलांचा उजवा हात वर्षापूर्वी गेला, तेच म्हणाले तू करत जा माझी. मॅनेजरला कळलं असतं तर पोलीस झाले असते. मन्सूरभाई संध्याकाळी शाईचं पॅड पिशवीत घालून माझ्या मागं स्कूटरवर बसले, राजुरीला आले आणि म्हाताऱ्याचा डाव्या अंगठ्याचा ठसा रीतसर घेऊन गेले. जाताना म्हाताऱ्याला म्हणाले, पोरगं सही लई चांगली शिकलं, पण आता त्याला करू देऊ नका.

त्यांचा छंदही सह्यांचाच. दिवसभर सह्या बघून घरी गेल्यावर माणसाला सहीचा वीट यायला पाहिजे. यांनी मोठ्या माणसांच्या सह्यांची वही ठेवली होती. मोठी माणसं म्हणजे त्यांच्या हिशेबानं मोठी. जत्रेच्या आखाड्यात गाजलेले पैलवान, टेनिस बॉलच्या सामन्यात गावाबाहेर चेंडू मारणारा कुणी, एक जादूगार, पारगावच्या कारखान्याचा पहिला ऊस ज्यानं तोलला तो काटेवाला. नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक तिथं जत्रेची सुपारी द्यायला येतात, त्यामुळं कलावंतांच्या सह्या सगळ्यात जास्त.

वहीचा नियम एकच. सही त्यांच्या डोळ्यांसमोर झाली पाहिजे. खाली तारीख, ठिकाण, पेन कुणाचं होतं ते, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. जादूगाराच्या पानावर तर त्यांनी साक्षीदार म्हणून हवालदार धरून आणला होता. पैलवानाची सही एका ओळीत मावायची आणि साक्षीदारांची गर्दी अर्धं पान खायची. मी म्हणायचे, मन्सूरभाई, ही सह्यांची वही आहे की खरेदीखत? ते मनावर घ्यायचे नाहीत. म्हणायचे, ‘ताई, मी मेल्यावर कुनी म्हनलं ही दुसऱ्या हाताची, तर मी काय कबरीतनं सांगायला येनार हाये?’

सबंध वहीत एकाच पानावर साक्षीदार नव्हते. शेवंताबाई लोणीकरांच्या.

शेवंताबाई आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडच्या लोणीच्या. आमच्या आयांच्या पिढीला त्यांचं नाव पुरे. एका वगात त्या फौजेतल्या नवऱ्याचं पत्र वाचायच्या. रंगमंचावर एकट्या, हातात कागद. वाचता वाचता मधेच थांबायच्या, कागद डोळ्यांजवळ न्यायच्या, अक्षर पुसलंय म्हणायच्या आणि पुन्हा वाचायच्या. बाप्ये रडायचे. त्या पत्रासाठी लोक दहा कोस चालत यायचे असं माझे वडील सांगायचे. फडावर बायका भेटायला आल्या की त्या आपला फोटो द्यायच्या, त्यावर झोकदार सही. शेवटच्या अक्षराला लांब शेपटी आणि शेपटीच्या टोकाला पाच पाकळ्यांचं फूल. जुन्नर-आंबेगावात तो फोटो काचेत घालून लावलेली घरं आजही सापडतील. आमच्याही घरी होता.

मन्सूरभाईंच्या वहीतली सही अशी नव्हती. आधी एक आडवी रेघ, पट्टीनं ओढल्यासारखी, आणि तिला एक एक अक्षर टांगलेलं. फूल नाही, शेपटी नाही. दुसरीतल्या मुलीनं शुद्धलेखन लिहावं तशी. मी एकदा विचारलं, ही अशी कशी? ते म्हणाले, अशीच आहे. आणि पान उलटलं.

मला खरं कळलं ते कार्डामुळं. सगळी नमुना कार्डं कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडं आलं तेव्हा शेवंताबाईंचं कार्ड हाताखालून गेलं. त्यावर तीच आडवी रेघ, तीच टांगलेली अक्षरं, आणि खाली ओळख देणारे म्हणून मन्सूरभाईंची सही. मी कार्ड घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मला स्टेशनरीच्या खोलीत नेऊन दोन मिनिटांत सांगितलं.

शेवंताबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. ते पत्र कोरं असायचं. फोटोंवरची सही फडातले पेटीमास्तर करायचे. दगडू मास्तर. ते फूल त्यांचं. चाळिशीत बाईंना स्वतःच्या एकटीच्या नावानं खातं काढायचं होतं, ज्यावर फक्त त्यांचा हात चालेल असं. अंगठा नको म्हणाल्या. मग राहुटीचे दिवस होते तेवढे पंधरा दिवस त्या दुपारी डोक्यावरून पदर घेऊन संस्थेत यायच्या आणि मन्सूरभाई त्यांना याच खोलीत स्वतःचं नाव लिहायला शिकवायचे. आधी दोरी बांधायची, मग कपडे वाळत घालायचे, असं शिकवलं. कार्डावर सही केली त्याच दिवशी त्यांनी वहीत केली. साक्षीदार बोलावले असते तर लोणीकर बाई आज लिहायला शिकल्या हे गावभर झालं असतं. बाईंनी वचन घेतलं होतं, हे कुणाला सांगायचं नाही. आता मलाही ते पाळायचं होतं.

मन्सूरभाई रिटायर झाले, त्यांचं टेबल मला मिळालं. शेवंताबाईंनी फड सोडला, लोणीला भाचीकडं राहायला गेल्या. दगडू मास्तर वारले. एवढ्यात संपायला हरकत नव्हती.

मग गावातल्या मंडळींनी तमाशा कलावंतांचं एक दालन काढायचं ठरवलं. पुढाकार विजयचा. विजयचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मनानं सरळ माणूस, आणि हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला त्याचा राग येईल. त्यानं घरोघर फिरून जुने फोटो, घुंगरं, फेटे, सुपारीची पत्रं गोळा केली. पुण्याच्या एका संग्राहकानं त्याला सल्ला दिला की सह्यांच्या वस्तू मुंबईच्या एका कंपनीकडून तपासून घ्या. ती कंपनी सही बघते, खरी असली तर प्रमाणपत्र देते आणि मागं एक चकचकीत स्टिकर लावते. नंबर टाकला की मोबाइलवर सगळी माहिती येते. विजयला हे फार आवडलं. नाहीतर उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल तुमचं खोटं आहे, असं तो म्हणाला, आणि त्यात चूक काही नव्हती. मन्सूरभाईंनी वहीसाठी हवालदार धरून आणला तो याच भीतीनं.

चूक मन्सूरभाईंनी केली. विजयनं वही मागितली, त्यांनी दिली. मी म्हटलं, ते एक पान काढून घ्या. नाही म्हणाले. कलावंतांच्या दालनात बाईंच्या हाताचं एक तरी असू दे, असं त्यांना वाटत होतं. कुणाला काय कळणार, सह्यांमधली एक सही. हे बोलताना त्यांचा चेहरा इतका खुश होता की मी पुढं बोलले नाही. दुसऱ्यांच्या सह्यांवर अख्खा जन्म काढलेल्या माणसाला एवढं सुचलं नाही, की सही एकटी कधी तपासत नाहीत. नमुना लागतोच. आणि कंपनीकडं नमुने म्हणून गेले ते आमच्याच तालुक्यांतले, काचेतून काढलेले, फुलाचे फोटो.

महिन्यानं कागद आला. फुलाचे सगळे फोटो अस्सल, सगळ्यांना स्टिकर. मन्सूरभाईंच्या वहीतल्या बाकी सह्यांबद्दल नमुने उपलब्ध नाहीत, सांगता येत नाही. शेवंताबाईंची मात्र नक्की बनावट.

अहवाल इंग्रजीत होता. मन्सूरभाईंनी तो माझ्याकडून मराठीत वाचून घेतला, संस्थेच्या बाकावर बसून. रेघ सावकाश ओढलेली. पेन वारंवार उचललेलं. गती नाही, सहजता नाही. अक्षरं लिहिलेली नसून चितारलेली. लिहिणाऱ्याला या नावाची सवय नसावी. मला मधेच थांबावंसं वाटलं, कारण मी त्यांचंच बोलणं त्यांना परत वाचून दाखवत होते.

ऐकून झाल्यावर त्यांनी कागद हातात घेतला आणि घडी केली. म्हणाले, ‘मुद्दे बरोबर लावलेत, ताई. मी टेबलावर असतो तर मीपन अडवली असती.’

गावात व्हायचं ते झालं. दालनाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी तो अहवाल टाकला. साक्षीदार एकाच पानावर कसे नाहीत, हे कुणाच्या तरी बरोबर लक्षात आलं. सह्यांतलाच माणूस, त्याला काय अवघड, असं लिहिलं गेलं. खाली हसणारी तोंडं. मग दुसऱ्यानं विचारलं, वहीतल्या बाकीच्यांचं काय? तिसऱ्यानं विचारलं, तीस वर्षं पतसंस्थेत यांनी किती जणांच्या केल्या असतील? हे गमतीत होतं. पण आमच्या मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावून जुनं काही निघण्यासारखं आहे का असं हळूच विचारलं, ते गमतीत नव्हतं. मन्सूरभाई एसटीतून उतरून बाजारात यायचे तेव्हा लोक पूर्वी थांबवून बोलायचे. आता ओळख द्यायचे आणि पुढं जायचे. मी पाहिलं आहे.

कार्ड माझ्याच ताब्यात होतं. मी त्यांना म्हटलं, मी कार्डाचा फोटो काढते, विजयला एकट्याला दाखवते, पाच मिनिटांचं काम आहे. ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. खातेदाराचा नमुना काउंटरबाहेर जात नाही, हे तुला कुणी शिकवलं होतं, म्हणाले. मला ते नेहमी ‘तुमी’ म्हणत. त्या दिवशी ‘तू’ म्हणाले. कार्डावरची सही खरी ठरली असती तर फोटोंवरची फुलं खोटी ठरली असती, आणि मग ती कुणी केली, का केली, हे विचारायला गाव मोकळंच होतं. त्यांना खरं ठरायचं असेल तर बाईंना अडाणी ठरवावं लागणार होतं. दुसरा रस्ता नव्हता, मी पुष्कळ शोधला.

एका रविवारी ते म्हणाले, लोणीला सोडता का? पारगावच्या कारखान्याचा हंगाम चालू होता. सबंध रस्ता आम्ही उसाच्या ट्रॅक्टरमागं धूळ खात गेलो. मला वाटलं, ते बाईंकडून वचनातून मोकळीक मागायला चालले आहेत. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

शेवंताबाई ओसरीत पाटावर लसूण सोलत बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, पण बसण्यात अजून ऐट. त्यांना सगळं कळलेलं होतं, भाचीच्या मोबाइलवर ग्रुप होताच. मन्सूरभाईंनी मोकळीक मागितली नाही. तुमची सही दालनात लागणार नाही, माफ करा, एवढंच म्हणाले. बाईंनी हातातला लसूण खाली ठेवला. मग म्हणाल्या, ‘भाऊ, तुमचं नाव माझ्यापायी खराब व्हतंय, मला कळतंय. पर लोकं त्या पत्रावर रडल्याती. ते कोरं व्हतं म्हनून सांगितलं, तर त्यांनी कशावर रडलं म्हनायचं?’

मन्सूरभाई म्हणाले, ते सांगायचंच नाही. मी तेवढ्यासाठी आलो नाही.

पण बाईंना दुसरीच काळजी होती, आणि ती त्यांनी लगेच काढली. उद्घाटनाला त्यांना स्टेजवर बसवणार होते. विजय येऊन सांगून गेला होता, मोठा पांढरा बोर्ड लावणार, त्यावर बाईंनी सगळ्यांसमोर सही करायची. नाही म्हणायची सोय नव्हती. आणि बाईंना सही येत होती ती एकच. दोरीवरची.

मला वाटलं, आता सगळं आपोआप सुटतंय. बाई स्टेजवर चढतील, त्यांना येते ती सही करतील आणि चारचौघांत ठरेल की मन्सूरभाईंचं पान खरं आहे. कुणी काही सांगायलाही नको. मी मन्सूरभाईंकडं पाहिलं. ते भिंतीवरच्या बाईंच्या तरुणपणच्या फोटोकडं बघत होते. खाली फुलाची सही होती.

‘मास्तरांची शिकायची का?’ ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, ‘या वयात जमंल?’

‘हात जमवतो मी,’ मन्सूरभाई म्हणाले.

त्यानंतर चार रविवार मी त्यांना लोणीला घेऊन गेले. का घेऊन गेले, हे मला विचारू नका. मी नाही म्हटलं असतं तर ते एसटीनं गेले असते. पहिल्या रविवारी बाई सहीचं चित्र काढत होत्या, फुलाची एक एक पाकळी मोजून. मन्सूरभाईंनी कागद काढून घेतला. म्हणाले, अक्षरं विसरा. बोटानं हवेत करा, मांडीवर करा, भाकरी थापताना परातीत करा. कागदाकडं बघायचंच नाही. दुसऱ्या रविवारीही जमेना. तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, मास्तर सही करताना काही गुणगुणायचे का? बाई हसल्या. मास्तर कायम ढोलकीचे बोल पुटपुटायचे. मग बाईंनी ते बोल तोंडानं धरले आणि त्यावर हात सोडला. शेपटी सुटली, फूल फिरलं, पेन उचललं. एका दमात. मन्सूरभाईंनी कागद घेतला, उलटा केला, भिंग लावलं. मग बाईंना म्हणाले, आता शंभर वेळा. आणि ते उठून अंगणात जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून पाहत होते. नुसते उभे होते. भाचीनं चहा नेऊन दिला तो त्यांनी घेतला आणि प्यायचा राहिला.

परत येताना मी स्कूटर थांबवून त्यांना म्हटलं, तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःला खोटं ठरवता आहात. ते म्हणाले, ‘ताई, त्यांनी पयलं नाव माझ्याकडं लिहिलंय. मला तेवढं ठाव हाये, बास झालं.’ मला ते पुरेसं वाटलं नाही. आजही वाटत नाही. मला त्यांचा राग आला होता, बाईंचाही आला होता, आणि राग करायला दोघांतलं कुणीही लायक नव्हतं. त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. ते तसंच राहिलं आहे.

उद्घाटन सकाळी होतं. मंगल कार्यालय भरलं होतं. भिंतींवर फोटो, प्रत्येकाखाली नंबर. मन्सूरभाई मागून तिसऱ्या रांगेत, माझ्या शेजारी. आमच्या पलीकडची खुर्ची भरल्या सभागृहात रिकामीच राहिली. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. मग विजयनं बाईंच्या हातात मार्कर दिला.

शेवंताबाई उठल्या. हिरवं लुगडं, नाकात नथ. बोर्डासमोर क्षणभर उभ्या राहिल्या, एकदा ओठ हलले आणि हात गेला. फूल, शेपटी, सगळं. टाळ्या थांबेनात. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. विजयनं भिंतीवरचा एक फोटो काढून बोर्डाशेजारी धरला आणि माइकवर म्हणाला, बघा मंडळी, चाळीस वर्षांनीसुद्धा तीच सही, जराही फरक नाही. तेव्हा पुढच्या रांगांतली काही डोकी मागं वळली. बाईंनी मात्र आमच्याकडं पाहिलं नाही. मन्सूरभाई टाळ्या वाजवत होते. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या चालू होत्या.

बाहेर जेवणाच्या रांगेशी विजय त्यांना शोधत आला. सगळ्यांदेखत त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खरंच चांगल्या मनानं. वही परत दिली आणि म्हणाला, ‘चाचा, झालं गेलं सोडून द्या. हौसेपायी होतं माणसाकडनं. आमच्या मनात काही नाही.’

मन्सूरभाईंनी वही काखेत धरली. म्हणाले, ‘चुकलं माझं, विजयशेठ. मोठं मन तुमचं.’

विजय त्यांना जेवून जा म्हणाला. ते नको म्हणाले, जुन्नरची गाडी लागली असेल. जाताना ते माझ्याकडं वळले आणि त्यांनी थोडी मान हलवली, काउंटरवर हलवायचे तशी, म्हणजे पुढं सोडा. मग ते स्टँडच्या दिशेनं गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. घर माहीत होतं, फोन नंबर होता, दर रविवार मोकळा होता.

मी तिथंच उभी होते, विजयपासून दोन हातांवर. मला सगळं माहीत होतं. विजयनं मला विचारलं, ताई, ताट आणू का? मी हो म्हणाले.